हरवलेले मणी वेचणारा माणूस

लालन फकीर 1890 साली कुष्टियाजवळच्या छेउडिया गावी वारले. त्यांची गाणी मुख्यतः शिष्यांच्या गळ्यात होती. एकतारीवर गाणारा एकेक फकीर मातीआड जाई आणि त्याच्याबरोबर काही गाणीही जात. पद्मा नदीच्या पलीकडे, पाबना जिल्ह्यातल्या मुरारीपूर गावात 31 जानेवारी 1904 रोजी एक मुलगा जन्मला. ही गाणी वाचवण्यात त्याचे सारे आयुष्य गेले. त्याचे नाव मुहम्मद मन्सूरुद्दीन.

विद्यार्थीदशेत त्यांच्या हाती ‘प्रवासी’ हे बंगाली मासिक आले. त्यात खेड्यापाड्यांतली गाणी ‘हारामणी’ या मथळ्याखाली छापली जात. हारामणी म्हणजे हरवलेला मणी. रवींद्रनाथ टागोरांनी 1915 साली याच सदरात लालनची वीस गाणी दिली होती. आपल्या गावात रोज कानावर पडणारे गाणे कलकत्त्याच्या मासिकात मानाने छापले जाते, हे तरुण मन्सूरुद्दीन यांना नवे होते. गावातल्या प्रेमदास बैरागी नावाच्या गायकाकडून त्यांनी लालनचे गाणे उतरवून घेतले आणि ‘प्रवासी’कडे धाडले. 1923 मध्ये ते छापून आले. गाणे मुसलमान समाजात गणल्या गेलेल्या फकिराचे, गाणारा वैष्णव बैरागी आणि लिहून घेणारा मुसलमान शेतकरी भागातला विद्यार्थी!

हे काम सोपे नव्हते. शिकलेल्या बाबू लोकांना बाउल म्हणजे भीक मागत फिरणारा अडाणी वाटे. दुसऱ्या बाजूला 1920च्या दशकात बाउल-फकिरांना धर्मबाह्य ठरवणारा फतवा पुस्तकरूपाने निघाला. काही ठिकाणी फकिरांचे केस जबरीने कापले गेले, एकताऱ्या मोडल्या गेल्या. त्याच काळात एक श्रद्धाळू मुसलमान तरुण याच फकिरांच्या समोर वही उघडून बसत होता. वाद घालत बसण्यापेक्षा त्यांनी गाणी लोकांपुढे ठेवली. ज्याला न्याय करायचा असेल त्याने आधी ऐकावे, असाच त्या कामाचा अर्थ होता.

1928 साली ते कलकत्ता विद्यापीठातून एम.ए. झाले. काही काळ शाळांचे उपनिरीक्षक होते, पुढे सरकारी महाविद्यालयांत बंगाली शिकवत राहिले. नोकरी पोटासाठी, गाणी जिवासाठी. 1930 च्या सुमारास ‘हारामणी’ याच नावाने त्यांचा पहिला संग्रह निघाला. त्याला प्रस्तावना लिहिली खुद्द रवींद्रनाथांनी. हिंदू-मुसलमानांना जवळ आणण्यासाठी शहरात सभा-समित्या भरतात, पण बाउलांच्या गाण्यात ही भेट आधीच झाली आहे आणि तिथे कुराण-पुराणांचे भांडण नाही, असा त्या प्रस्तावनेचा आशय होता. बंगालमध्ये दोन समाजांत कटुता वाढत असतानाचे हे लिखाण आहे.

मन्सूरुद्दीन यांच्या कामाचे मोल आणखी एका गोष्टीत आहे. लोकगीत म्हटले की ते कुणाचेच नसते, असा आपला समज असतो. पण ही गाणी रचणारी माणसे होती. आपल्या अभंगाच्या शेवटी संताची नाममुद्रा येते, तशी यांच्याही गाण्यात येते. बंगालीत तिला भणिता म्हणतात. लालन, पागला कानाई, शेख मदन, हासन राजा ही सगळी नावे कवींची आहेत. शिलाईदहचा गगन हरकारा डाकेचे थैले वाहणारा माणूस. आज बांगलादेशाचे राष्ट्रगीत ज्या चालीवर गायले जाते, ती चाल त्याच्या गाण्याची आहे. अशा माणसांना कवी म्हणून ओळख मिळावी, हा त्यांचा आग्रह होता.

‘हारामणी’चे एकूण तेरा खंड झाले. दुसरा खंड 1942 मध्ये कलकत्ता विद्यापीठाने काढला. पाच वर्षांत फाळणी आली. कुष्टिया आणि पाबना पूर्व पाकिस्तानात गेले, कलकत्ता परदेश झाले. आता लालन कुणाचा, हिंदूंचा की मुसलमानांचा, हा वाद जोरात सुरू झाला. ज्याने आयुष्यभर आपली जात सांगितली नाही, त्याच्याच जातीचे पुरावे शोधले जाऊ लागले. मन्सूरुद्दीन गाणी गोळा करतच राहिले. ढाका कॉलेजात शिकवत असताना आणि 1959 मध्ये निवृत्त झाल्यावरही वही मिटली नाही. बंगाली साहित्याला मुसलमानांनी काय दिले याचा तीन खंडांतला इतिहासही त्यांनी लिहिला. मुसलमान असणे आणि बंगाली असणे यांत त्यांना अंतर दिसत नव्हते.

मानसन्मान उशिरा आले. बांगलादेशाने 1983 मध्ये एकुशे पदक आणि 1984 मध्ये स्वाधीनता पुरस्कार दिला. 1987 मध्ये कलकत्त्याच्या रवींद्र भारती विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंनी कौतुक झाले आणि त्याच वर्षी 19 सप्टेंबरला त्यांनी जगाचा निरोप घेतला.

पुढे युनेस्कोने बाउल गाण्यांना मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. छेउडियाला लालनच्या मजारीवर आजही मेळा भरतो. तिथे गाणाऱ्यांपैकी कितीजणांना मन्सूरुद्दीन हे नाव ठाऊक असेल, कोण जाणे. दुसऱ्याची अमानत सांभाळून ज्याची त्याला परत करणाऱ्याचे नाव बहुधा मागेच राहते. अमानत मात्र पोचली.