शेवट आवडला नाही? मग गडकरी मास्तरांना भेटा!

रात्रीचे अडीच वाजलेत. होस्टेलच्या खोलीत पंखा घरघरतोय. महिनाभर झोप मोडून खेळलेला गेम एकदाचा संपतो आणि शेवट बघून डोकंच फिरतं. सकाळी तर्री-पोह्याच्या टपरीवर तोच विषय. काऊन बे, असा कुठं शेवट राहते का! इतके दिवस खेळून हेच दाखवायचं होतं का?

२०१२ च्या मार्चमध्ये हे जगभर घडलं. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीचा ‘मास इफेक्ट ३’ बाजारात आला. २००७ पासून तीन भागांत चाललेल्या गोष्टीचा हा शेवटचा भाग. शेवट बघून चाहते असे भडकले की काहींनी अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाकडे तक्रार ठोकली. काहींनी निषेध म्हणून एका सेवाभावी संस्थेसाठी ८० हजार डॉलरच्या वर वर्गणी जमवली. काहींनी तर कंपनीला चारशेच्या आसपास कपकेक पाठवले. वरचं क्रीम लाल, निळं, हिरवं, पण खाल्लं की चव एकच! टोमणा कळला ना? शेवट तीन दिले, पण तिन्ही सारखेच.

मग वाद पेटला. एक बाजू म्हणाली, गेम ही कला आहे आणि कलाकाराला शेवट बदलायला सांगणारे तुम्ही कोण? दुसरी म्हणाली, आम्ही पैसे मोजलेत, माल नीट द्या. गंमत म्हणजे त्याच महिन्यात वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन कलासंग्रहालयात व्हिडिओ गेमच्या कलेवरचं मोठं प्रदर्शन सुरू झालं होतं. ८० गेम तिथे मांडले होते. एकीकडे गेम संग्रहालयात जाऊन बसला, दुसरीकडे त्याच्या शेवटावरून मारामारी.

या भांडणात आपल्या बाजूचा एक माणूस उभा करावासा वाटतो. त्याने आयुष्यात गेम पाहिला नाही, पण शेवटाची किंमत त्याच्याइतकी फार थोड्यांना कळली असेल. नागपूरहून छिंदवाड्याचा रस्ता धरा. कोराडी, पाटणसावंगी करत चाळीसेक किलोमीटर गेलात की सावनेर लागतं. तिथे २३ जानेवारी १९१९ ला हा माणूस गेला. वय अवघं ३३. नाव राम गणेश गडकरी.

गणितात आपटलेला मास्तर

गडकरींचा जन्म २६ मे १८८५ चा, गुजरातेतल्या नवसारीचा. वडील लहानपणीच गेले. घराची ओढाताण झाली. पुढे शिक्षणासाठी पुणं गाठलं. मॅट्रिक होऊन फर्ग्युसन कॉलेजात नाव घातलं, पण पहिल्याच वर्षी गणिताने दगा दिला आणि कॉलेज सुटलं. इंजिनीअरिंगच्या ‘एम-थ्री’त अडकलेल्यांनी इथे थोडा दिलासा घ्यायला हरकत नाही.

ओढ नाटकाची होती. विशीत ते किर्लोस्कर नाटक मंडळीत लागले. काम कोणतं? कंपनीतल्या मुलांना शिकवायचं. म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. नाटक बाहेरून बघणं वेगळं आणि विंगेत उभं राहून प्रेक्षकाचा श्वास मोजणं वेगळं. कोणत्या वाक्याला टाळी पडते, कुठे लोक चुळबुळतात, हे मास्तर रोज बघत होते.

गुरू मानला तो श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना. म्हणजे पुन्हा आपलंच गाव, कारण कोल्हटकरांचा जन्म १८७१ चा, नागपूरचा. ‘सुदाम्याचे पोहे’वाले विनोदी लेखक आणि नाटककार. गडकरींनी शब्दांच्या कोट्या आणि विनोद त्यांच्याकडून उचलला आणि मग स्वतःची वाट काढली. कविता लिहिल्या गोविंदाग्रज या नावाने, विनोद लिहिला बाळकराम या नावाने आणि नाटकं स्वतःच्या नावाने. एकाच माणसाची तीन प्रोफाइल, असं समजा.

प्रेक्षकाच्या हातातला रिमोट

तेव्हाचं संगीत नाटक कसं असायचं, हे समजून घ्या. रात्री सुरू झालेलं नाटक उशिरापर्यंत चालायचं. पद आवडलं की थिएटरातून ‘वन्स मोअर’चा गजर व्हायचा. नाटक तिथेच थांबायचं आणि नट तेच पद पुन्हा गायचा. कथेत पात्र रडत असो की पळत असो, प्रेक्षकाची आज्ञा झाली की थांबायचं! आपल्याला वाटतं की खेळणाऱ्याच्या हाती सूत्रं देणारी कला गेमनेच आणली. शंभर वर्षांपूर्वीचा आपला प्रेक्षकही काही गप्प बसणारा नव्हता.

शिवाय मंडळी चालायची तिकिटावर. नट, गवई, आचारी, पडदे, रेल्वेचं भाडं, सगळा खर्च गल्ल्यातून निघायचा. म्हणजे पैसे मोजलेत, माल द्या, हा हिशेब तेव्हाही होताच.

आणि प्रेक्षकाला सवय होती गोड शेवटाची. संस्कृत नाटकाची परंपरा रंगमंचावर मृत्यू दाखवायला तयार नव्हती. १८८० चं ‘शाकुंतल’, १८८२ चं ‘सौभद्र’, दोन्हींत ताटातूट होते आणि शेवटी भेट होते. लोक खुशीत पद गुणगुणत घरी जायचे.

गडकरींनाही गोड शेवट चांगला जमायचा. १९१६ च्या ‘पुण्यप्रभाव’मध्ये वसुंधरेच्या चांगुलपणापुढे वृंदावन हा खलनायक वितळतो. सद्गुण जिंकतो. त्या नाटकानंतर मास्तरांच्या पुढच्या नाटकाला जाणारा माणूस काय अपेक्षा घेऊन जाईल, हे सांगायला नको.

एकच प्याला, शेवट एकच

पुढचं नाटक होतं ‘एकच प्याला’. सुधाकर हा हुशार, मानी वकील. भर कोर्टात अपमान होतो, सनद जाते आणि त्याच्याकडचा कारकून तळीराम त्याला पहिला प्याला देतो. दुःख विसरायला, फक्त एकच. पुढे घर जातं, पैसा जातो, अब्रू जाते. बायको सिंधू माहेरची श्रीमंती सोडून दळण दळते, पण नवऱ्याची साथ सोडत नाही.

आता खरी मेख बघा. मध्येच सुधाकर दारू सोडतो. खरंच सोडतो. काम मागायला जुन्या मित्रांच्या दारी जातो. इथे प्रेक्षक खुर्चीत सरसावून बसतो. ‘पुण्यप्रभाव’ बघितलेल्याला वाटतं की आता सिंधूच्या पुण्याईने सगळं मार्गी लागणार. गडकरींना पडदा इथेच पाडता आला असता. लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, गल्लाही भरला असता.

मास्तर पडदा पाडत नाहीत. सुधाकरवर आता कोणी विश्वासच ठेवत नाही. ज्याच्या दारी जाईल तिथे अपमान. तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. पुढे नशेत त्याच्याच हातून तान्हं मूल जातं, सिंधू जखमी होते आणि मरतानाही नवऱ्यावर आळ येऊ देत नाही. सुधाकर शेवटचा प्याला घेतो तो विष घालून.

आता विचारा, हा शेवट कोणाला आवडेल? कोणालाच नाही. आवडू नये म्हणूनच तो लिहिलाय. पहिल्या प्याल्याच्या क्षणीच तो ठरला होता. नावातच सांगून ठेवला होता. सुधाकर चांगला, सिंधू चांगली, मित्र रामलाल चांगला, तरीही वाचवता येत नाही. कारण व्यसन चांगुलपणाचा हिशेब ठेवत नाही. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. गोड शेवट केला असता तर मास्तर त्या घरांशी खोटं बोलले असते.

मास्तरांनी प्रयोग पाहिलाच नाही

क्षयाने शरीर पोखरलेल्या अवस्थेत गडकरी सावनेरला भावाकडे आले. त्या दुखण्यातच त्यांनी बळवंत संगीत मंडळीसाठी ‘भावबंधन’ पुरं केलं. शेवटचं लिखाण मृत्यूच्या अगदी उंबरठ्यावर झालं. आणि हे नाटक सुखान्त! स्वतःचा शेवट समोर दिसत असताना या माणसाने लोकांना हसवत घरी पाठवणारा शेवट लिहिला. म्हणजे मास्तरांना दुःखाची हौस होती, असं नाही. ज्या गोष्टीला जो शेवट शोभतो, तो द्यायचा, इतकंच.

मास्तर गेले आणि महिनाही उलटला नव्हता, तोच २० फेब्रुवारी १९१९ ला बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. उंची शालूंसाठी गाजलेले बालगंधर्व सिंधू होऊन फाटक्या लुगड्यात रंगमंचावर आले. लोक रडले आणि पुन्हा तिकीट काढून रडायला आले. नाटक पिढ्यान् पिढ्या चाललं. ‘वन्स मोअर’ गाण्यांना मिळाला. शेवट होता तसाच राहिला.

एक नाटक मात्र पुरं झालंच नाही. संभाजी महाराजांवरचं ‘राजसंन्यास’. ते अपुरं राहिलं आणि अपुरंच छापलं गेलं. त्यातल्या महाराजांच्या चित्रणावर आक्षेप घेऊन जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकरींचा पुतळा उखडून मुठा नदीत टाकला गेला. लिखाणावर आक्षेप घ्यायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण त्याला उत्तर लेखाने, भाषणाने, नव्या नाटकाने देता येतं. पुतळा पाण्यात गेला म्हणून वाद मिटला नाही, उलट चिघळला.

मग गेमचं काय?

प्रेक्षकापुढे नमणारेही मोठे लेखक झालेत. आर्थर कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारलं, वाचक खवळले आणि दहा वर्षांनी होम्स जिवंत परतला. म्हणून होम्सच्या कथा कमी दर्जाच्या ठरल्या का? नाही. शेवट बदलला की कला संपली, हे खरं नाही. आणि कलाकार म्हणेल ते निमूट गिळायचं, हेही खरं नाही.

मग तपासायचं काय? शेवट दुःखी आहे की सुखी, हे नाही. तो आधीच्या गोष्टीशी प्रामाणिक आहे का, हे बघायचं. ‘एकच प्याला’ या परीक्षेत उतरतो. तरी त्यावरही प्रश्न विचारता येतात. सिंधूने इतकं सोसणं हा आदर्श म्हणून का दाखवला, असं आजची मुलगी विचारेल आणि ते योग्यच आहे. प्रश्न विचारल्याने नाटक लहान होत नाही.

‘मास इफेक्ट’च्या चाहत्यांचा राग याच जागी बरोबर होता. तीन भागांत त्यांनी शेकडो निर्णय घेतले आणि शेवटी त्या निर्णयांना फारशी किंमतच उरली नाही, ही त्यांची खरी तक्रार. नायक मेला म्हणून रडणं वेगळं आणि गोष्टीने दिलेला शब्द मोडला म्हणून चिडणं वेगळं. कंपनीने त्याच वर्षी जूनमध्ये नवे प्रसंग फुकट दिले. मूळ शेवट ठेवला, पण तो उलगडून सांगितला. ऐकलं, पण शरण गेली नाही. मास्तरांना हे पटलं असतं, असं वाटतं.

आणि गेम कला आहे की नाही? ज्या गोष्टीच्या शेवटासाठी माणसं रात्र रात्र भांडतात ती गोष्ट त्यांच्या आत शिरलेली असते. कुकरची शिट्टी बिघडली तर आपण चिडतो, पण तिच्यासाठी रडत नाही. बडोद्यातला प्रेक्षक सिंधूसाठी रडला आणि तुम्ही रात्री अडीचला स्क्रीनसमोर सुन्न बसलात. दोन्हींच्या मुळाशी तीच गोष्ट आहे.

तेव्हा पुढच्या वेळी शेवट आवडला नाही तर शिव्या घालण्याआधी पाच मिनिटं थांबा. कागद घ्या आणि लिहा, हा शेवट मला फक्त दुखावतोय की फसवतोय? दुखावत असेल तर एक दिवस थांबून पुन्हा बघा. फसवत असेल तर बिनधास्त भांडा, पण मुद्द्यावर. आणि एखाद्या रविवारी गाडी काढलीच तर सावनेरची चक्कर मारा. अपुरं नाटक मागे ठेवून गेलेल्या माणसाचा शेवट त्या मातीत झालाय. तो बदलता आला असता तर आपण सगळ्यांनीच ‘वन्स मोअर’ दिला असता.