वसईचे विजयी वीर चिमाजी आप्पा

चिमाजी आप्पा हे थोरल्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू. उत्तर कोकणात पोर्तुगीज अंमलाखाली हिंदू रयतेचा धर्मासाठी छळ होत असे. तो मोडावा म्हणून १७३७ साली मराठ्यांनी मोहीम आरंभिली. ठाणे लवकर हाती आले. वसई मात्र दोन वर्षे दाद देईना. अखेर १७३९ च्या मे महिन्यात सुरुंगांनी तट फुटले, हजारो मराठे कामास आले, आणि किल्लेकऱ्यांनी तहाचे बोलणे लाविले.

इतकी माणसे गमावलेल्या सेनापतीने सूड घेतला असता, तर त्या काळी कोणास नवल वाटले नसते. परंतु आप्पांनी शिबंदीस हत्यारांनिशी व बायकामुलांसह सुखरूप जाऊ दिले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस स्वधर्म पाळण्याची मोकळीक दिली. तो समाज वसईस अद्यापि नांदत आहे. पुढील वर्षीच, १७४० च्या डिसेंबरात, आप्पा निवर्तले.

त्या स्वारीत मिळालेली म्हणून सांगतात ती १७२९ सालची घंटा आपल्या शेजारी भीमाशंकरी आहे. विद्यार्थ्यांनी ती अवश्य पाहावी. तट फोडणारे वीर इतिहासात पुष्कळ झाले. तट फुटल्यावर हात आवरणारे थोडे. आप्पांची गणना आम्ही त्या थोड्यांत करितो.