‘सगळ्यांना’ म्हणजे आम्हालाही ना?

पाचशेच्या नोटेवर कोणाचा फोटो असतो, हे तुम्हाला विचारायची गरजच नाही. नायजेरियाच्या पाचशेच्या नोटेवर मात्र एक संपादक आहे! नाव न्नामदी अझिकिवे. लोकांसाठी नुसतं ‘झिक’. पुढे ते देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, पण त्यांची खरी लढाई झाली ती वर्तमानपत्राच्या पानांवर.

झिक यांचा जन्म १९०४ चा, झुंगेरू गावातला. वडील ब्रिटिशांच्या लष्करी कचेरीत कारकून. १९२५ मध्ये झिक शिकायला अमेरिकेत गेले. तिथे भांडी घासली, कोळशाच्या खाणीत राबले, बॉक्सिंगही केलं. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘कमवा आणि शिका’! पदव्या घेऊन परतले आणि मग गेले आक्रा शहरात, ‘आफ्रिकन मॉर्निंग पोस्ट’चे संपादक म्हणून. आक्रा आज घानाची राजधानी आहे, तेव्हा तिथे ब्रिटिशांचं राज्य होतं.

त्याच काळात, ऑक्टोबर १९३५ मध्ये, मुसोलिनीने इथिओपियावर हल्ला केला. इथिओपिया राष्ट्रसंघाचा सदस्य होता, म्हणजे त्याला वाचवणं हे बाकीच्यांचं काम. झालं काय? राष्ट्रसंघाने इटलीवर निर्बंध लादले, पण त्यातून नेमकं तेल वगळलं. सुएझ कालवा इटलीच्या जहाजांना खुलाच राहिला. वर ब्रिटन आणि फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्यांनी इथिओपियाचा मोठा लचका इटलीला देण्याची गुपचूप योजना आखली. ती फुटली आणि बोभाटा झाला. ५ मे १९३६ ला आदिस अबाबा पडलं. छोट्या देशांच्या रक्षणाच्या गप्पा आफ्रिकेची वेळ आली की कुठे जातात, हा प्रश्न पश्चिम आफ्रिकेतली वर्तमानपत्रं विचारत होतीच.

दहाच दिवसांनी, १५ मे रोजी, ‘मॉर्निंग पोस्ट’मध्ये टोपणनावाने एक लेख आला. लेखक होते सिएरा लिओनचे कामगार नेते वॉलेस-जॉन्सन. तोंडाने धर्म सांगणारा युरोप प्रत्यक्षात फसवणूक आणि बंदुकीचीच पूजा करतो, असा लेखाचा रोख होता. सरकारने लेखक आणि संपादक, दोघांवर राजद्रोहाचा खटला भरला. ‘केसरी’ आणि टिळक आठवले ना? तेच हत्यार, फक्त खंड वेगळा. झिक यांना सहा महिने कैद आणि ५० पौंड दंड झाला. अपिलात मात्र ते सुटले, कारण त्या दिवशी संपादक तेच होते, हे सरकारला सिद्ध करता आलं नाही!

एखादा गप्प बसला असता. झिक यांनी नोव्हेंबर १९३७ मध्ये लागोसमधून स्वतःचं दैनिक काढलं, ‘वेस्ट आफ्रिकन पायलट’.

आता यापुढचा भाग आपल्याही जवळचा आहे. ऑगस्ट १९४१ मध्ये रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी अटलांटिक सनद जाहीर केली. आपलं सरकार कसं असावं, हे ठरवण्याचा हक्क सगळ्या लोकांना आहे, असं त्यात होतं. महिन्याभरातच चर्चिल यांनी संसदेत सांगून टाकलं की हे नाझींच्या ताब्यातल्या युरोपसाठी आहे, भारत आणि ब्रह्मदेश वगैरेंचा विषय वेगळा. म्हणजे ‘सगळे’ या शब्दात ना आपण होतो, ना नायजेरिया.

झिक यांनी तोच शब्द धरला. १९४३ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या आठ संपादकांना ब्रिटिशांनी पाहुणे म्हणून लंडनला बोलावलं. पाहुणचार झोडून परत यायचं सोडून झिक यांनी वसाहत खात्यासमोर निवेदन ठेवलं. विषय: अटलांटिक सनद आणि ब्रिटिश पश्चिम आफ्रिका. सनद तुमची, शब्द तुमचे, मग १५ वर्षांत आम्हाला स्वातंत्र्य द्या, एवढंच त्याचं सार. सरकारने दाद दिली नाही. १९४५ च्या सार्वत्रिक संपात तर ‘पायलट’वर बंदीच आली. झिक यांनी पोर्ट हारकोर्टच्या आपल्या दुसऱ्या पेपरातून संपाबद्दल लिहिणं सुरूच ठेवलं.

म्हणून ते देवमाणूस होते असं समजू नका. पूर्व नायजेरियात सत्तेवर असताना त्यांचे हितसंबंध असलेल्या बँकेत सरकारी पैसा गुंतवला गेला. १९५६ च्या चौकशीत त्यांच्यावर ठपकाही आला. दुसऱ्यांना जाब विचारणाऱ्याला स्वतःही जाब द्यावा लागतो, तो असा.

नायजेरिया १९६० मध्ये स्वतंत्र झाला आणि १९६३ मध्ये झिक राष्ट्राध्यक्ष. १९६६ च्या लष्करी उठावात ते पद गेलं. १९९६ मध्ये ते वारले.

त्यांचा प्रश्न मात्र अजून कामाचा आहे. पुढच्या वेळी बातमीत ‘आंतरराष्ट्रीय समुदाया’ने अमुक ठरवलं असं वाचाल, तेव्हा एक सेकंद थांबा. त्या समुदायात कोण कोण आहे, आणि ज्यांच्याबद्दल ठरतंय त्यांना कोणी विचारलंय का? उत्तर शोधायला त्या देशातलाच एखादा पेपर उघडून बघा.