पाय वाचवणारी नळी : डॉ. चार्ल्स डॉटर

जानेवारी १९६४. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात, पोर्टलंड येथील विद्यापीठ रुग्णालयात ८२ वर्षांची एक वृद्धा दाखल होती. मांडीतील धमनी अरुंद होऊन डाव्या पावलाचा रक्तपुरवठा आटला होता, बोटे सडू लागली होती. पाय कापण्यावाचून गत्यंतर नाही, असे शल्यविशारदांचे मत पडले. वृद्धेने मात्र साफ नकार दिला. अखेर तिला क्ष-किरण विभागाचे प्रमुख डॉ. चार्ल्स डॉटर यांच्याकडे पाठवण्यात आले.

डॉटर यांचा जन्म १९२० मध्ये बोस्टन येथे झाला. कॉर्नेल विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेऊन अवघ्या ३२ व्या वर्षी ते ओरेगॉनमध्ये विभागप्रमुख झाले. क्ष-किरणतज्ज्ञाने रोग दाखवावा आणि बाजूला व्हावे, ही त्या काळची रीत त्यांना कधीच मानवली नाही. १९६३ मध्ये एका रुग्णाच्या धमनीचे चित्र घेताना त्यांची नळी नकळत बंद भागातून आरपार गेली आणि रक्ताला वाट मिळाली. जी नळी रोग दाखवते तीच तो दूरही करू शकेल, हे त्यांनी त्यातून हेरले.

१६ जानेवारीला सहकारी मेल्विन जडकिन्स यांच्यासह त्यांनी वृद्धेच्या धमनीत सुईवाटे बारीक तार सरकवली. त्या तारेवरून एक नळी आणि तिच्यावरून दुसरी, अधिक जाड नळी आत नेली. काही मिनिटांतच थंडगार पाऊल उबदार झाले. आठवड्याभरात वेदना थांबल्या, पुढे जखमही भरली. ती वृद्धा आणखी सुमारे तीन वर्षे जगली, तीही स्वतःच्या दोन्ही पायांवर.

एवढे होऊनही मायदेशी त्यांच्या वाट्याला बव्हंशी उपेक्षाच आली. गिटारच्या तारा आणि मोटारीच्या वेगमापकाच्या केबलींपासून उपकरणे घडवणाऱ्या या माणसाला लोक वेडा चार्ली म्हणत. त्यांच्या नाटकी स्वभावाने या समजाला खतपाणीच घातले, हे नाकारता येत नाही. पद्धतीलाही मर्यादा होती. जेवढी नळी जाड, तेवढेच धमनीवरील छिद्र मोठे. ही अडचण झुरिचच्या आंद्रेआस ग्रुन्त्झिग यांनी १९७४ मध्ये नळीच्या टोकाशी फुगा बसवून सोडवली आणि १९७७ मध्ये तोच फुगा हृदयाच्या धमनीत नेला. मग अमेरिकेचे लक्ष वळले. १९७८ मध्ये डॉटर यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचवले गेले. पारितोषिक मात्र मिळाले नाही.

हॉजकिनच्या कर्करोगाने गाठूनही त्यांचे गिर्यारोहणाचे वेड सुटले नाही. अमेरिकेतील १४,००० फुटांहून उंच अशी ६७ शिखरे त्यांनी सर केली. १५ फेब्रुवारी १९८५ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर युरोपातील डॉक्टरांनी नळीने धमनी मोकळी करण्याच्या क्रियेला त्यांचेच नाव दिले होते. ते या उपचाराला डॉटरिंग म्हणत.