हसऱ्या गाण्यांचा वारसा

गंभीर संगीताचा ठेवा पुढील पिढीच्या स्वाधीन कसा करावा, याविषयी आपल्याकडे पुष्कळ विचार होतो. अभंग, नाट्यपदे, भावगीते यांच्या स्पर्धा भरतात, शिबिरे होतात, पारितोषिके ठेवली जातात. परंतु ज्या गाण्यांवर आपण लहानपणी अंगणात उड्या मारल्या, ज्यांच्या शब्दांना धड अर्थही नव्हता आणि ज्यांच्या चालीत शिट्टी, टाळी नि परदेशी ठेका होता, ती गाणी मुलांपुढे ठेवताना आपण जरा ओशाळतो. जणू तो वारसा नव्हेच, वयाबरोबर सोडून द्यावयाचा एक चाळा होता. तरीही ही गाणी पुढे जातातच. फक्त ती बेवारस होऊन जातात.

वर्धा-आर्वी रस्त्यावरील आंजी (मोठी) येथे हा अनुभव मला गणेशोत्सवात वारंवार आला आहे. मंडपात 'ईना मीना डीका' लागले की महाविद्यालयात जाणारी मुले आणि त्यांचे आजोबा एकाच वेळी ठेका धरतात. आजोबांना किशोरकुमार आठवतो. मुलांना मोबाईलवर कोठेतरी कानी पडलेली चाल आठवते. ती चाल बांधली कोणी, असे विचारले तर मात्र दोन्ही पिढ्या गप्प होतात. वस्तू घरोघरी पोहोचावी आणि ती घडविणाऱ्याचे नाव वाटेत पुसले जावे, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या शिक्षकाला खटकल्यावाचून राहत नाही. म्हणूनच रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र, यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगावेसे वाटते.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी पुणतांबे येथे झाला. हे गाव तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील. वडील रेल्वेच्या नोकरीत असल्यामुळे कुटुंबाचा मुक्काम बदलत राहिला आणि रामचंद्रांच्या बालपणाचा काही काळ नागपुरात गेला. वैदर्भीय वाचकाला आवर्जून सांगावयास हवे की, त्यांना गाण्याचे आरंभीचे धडे मिळाले ते नागपूरच्या शंकरराव सप्रे यांच्याकडे. वसंतराव देशपांडे घडले तेही याच सप्रे गुरुजींच्या हाताखाली. पुढे पुण्याला गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांची कडक तालीम त्यांना लाभली. ज्याला पुढे लोकांनी पाश्चात्य ठेक्यांचा संगीतकार म्हणून ओळखले, त्याचा पाया असा शुद्ध रागदारीचा होता.

चित्रपटात ते आले ते मात्र नट होण्यासाठी. वाय. व्ही. राव यांच्या 'नागानंद' या चित्रपटात त्यांना थेट नायकाची भूमिका मिळाली. पण चित्रपट पडला आणि नायकही पडला. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका करीत आणि संगीतकारांच्या साथीला पेटी वाजवीत त्यांनी दिवस काढले. ही उमेदवारी वाया गेली नाही. चाल सुचते कशी, वादकांकडून ती वसूल कशी करून घ्यावयाची, तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत ती बसवावयाची कशी, हे सारे त्यांनी पेटीमागे बसून पाहिले. स्वतंत्र संगीत दिग्दर्शनाची पहिली संधी मिळाली तीही मराठी वा हिंदीत नव्हे, तर 'जयक्कोडी' आणि 'वनमोहिनी' या तमिळ चित्रपटांत. भाषा परकी असताना शब्दांच्या अर्थापेक्षा त्यांच्या नादाकडे कान द्यावा लागतो. निरर्थक शब्दांनाही डौलाने नाचविण्याची कला त्यांना पुढे साधली, तिचे एक मूळ या दिवसांत असावे, असे मला वाटते.

'वनमोहिनी'चे दिग्दर्शक होते भगवान आभाजी पालव, म्हणजेच सर्वांचे भगवानदादा. अमरावतीला जन्मलेला, गिरणी कामगाराचा हा मुलगा आणि पुणतांब्याचा हा पेटीवादक यांची जोडी जमली. १९४२ च्या 'सुखी जीवन'पासून रामचंद्रांचे नाव हिंदीत होऊ लागले. नाव म्हणणेही कठीण, कारण कधी राम चितळकर, कधी अण्णासाहेब, कधी सी. रामचंद्र आणि गायक म्हणून नुसते चितळकर, अशी अनेक नावे त्यांनी वापरली. आपलेच श्रेय इतक्या पाट्यांवर वाटून टाकणारा माणूस पुढील पिढीच्या स्मरणातून निसटला, यात थोडा वाटा त्याचा स्वतःचाही आहे.

१९४७ मध्ये फिल्मिस्तानचा 'शहनाई' आला आणि त्यातील रविवारच्या भेटीचे गाणे देशभर गाजले. शिट्टी, इंग्रजी वळणाचा ठेका आणि थट्टेखोर सवाल-जवाब यांनी ते भरलेले होते. जाणकारांनी नाके मुरडली. ज्या वर्षी देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी आपली तरुण पोरे असली उसनी थेरे करणार काय, असा सूर निघाला. लोकांनी मात्र ते गाणे उचलले. रविवारची सुटी हीच ज्याची आठवड्यातली एकमेव चैन, त्या कारकुनाला आणि गिरणी कामगाराला त्यात आपले जग दिसले असेल तर नवल नाही.

१९४९ च्या 'पतंगा'मधील गाणे तर आजच्या वर्गातही शिकवावे, असे आहे. रंगूनला गेलेला नवरा आणि डेहराडूनला राहिलेली बायको टेलिफोनवर बोलतात, एवढाच त्याचा विषय. राजेंद्रकृष्णांचे शब्द शमशाद बेगम आणि स्वतः चितळकर यांनी असे गायिले आहेत की, आजही ऐकणारा हसतो. पण मुलांना विचारा, नवरा रंगूनलाच का गेला? १९३१ च्या खानेसुमारीत रंगूनच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक भारतीय होते. हमाल, कारकून, व्यापारी, सावकार अशा नात्यांनी ब्रह्मदेशाशी भारतीयांचा दाट संबंध होता. १९४२ मध्ये जपानी सैन्य आले आणि लाखो भारतीयांना जंगलवाटेने, पायी, हाल सोसत परतावे लागले. त्या विस्थापनानंतर अवघ्या सात वर्षांनी हे विनोदी गाणे आले. ते देताना एवढे सांगितले, तर एका गंमतीच्या गाण्यातून स्थलांतराचे एक प्रकरण उलगडते आणि तरीही गाण्यातील गंमत तसूभर कमी होत नाही.

१९५१ चा 'अलबेला' हा या जोडीचा कळस. भगवानदादा निर्माता, दिग्दर्शक आणि नायक, गीता बाली नायिका, संगीत रामचंद्रांचे. भगवानदादांची ती सोपी, कुणालाही जमणारी पावले गणपतीच्या मिरवणुकांत शिरली ती आजतागायत बाहेर पडलेली नाहीत. या चित्रपटात बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन ही वाद्ये ज्यांनी वाजविली त्यांच्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. त्यांतील बरेच गोव्याचे. चर्चच्या शाळांत लहानपणीच पाश्चात्य स्वरलेखन शिकून ही मुले मुंबईत हॉटेलांच्या वाद्यवृंदांत आली आणि तेथून चित्रपटांत. हळदोणे गावचे आंतोनियो झेव्हियर वाझ, ज्यांना मुंबई चिक चॉकलेट म्हणून ओळखत होती, ते नामांकित ट्रम्पेटवादक रामचंद्रांचे निकटचे सहकारी होते. चाल रामचंद्रांची, पण तिला कागदावर स्वरलिपीत बांधून वीस-पंचवीस वाद्यांत वाटून देण्याचे कसब या मंडळींचे. श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच झळकली.

हिशेब करावयाचा तर उधारीही मांडली पाहिजे. १९५० च्या 'समाधी'मधील एका गाजलेल्या द्वंद्वगीताची चाल एडमंडो रॉस यांच्या वाद्यवृंदाने लोकप्रिय केलेल्या एका लॅटिन अमेरिकन धाटणीच्या गाण्यावरून घेतली होती. हे लपविण्याचे कारण नाही. उसने घेतलेले भांडवल सगळेच घेतात. प्रश्न असतो तो त्याचे पुढे काय केले याचा. रामचंद्रांनी ती चाल आपल्या कानाला रुचेल अशी वळविली आणि तिच्यावर आपली मोहोर उठविली. तरीही मुलांना गाणे देताना मूळ धनकोचे नाव सांगणे, हा प्रामाणिक व्यवहार होय.

१९५७ मध्ये 'आशा' आला. संगीताच्या खोलीबाहेर खेळणाऱ्या मुलांची इंग्रजी मोजणीची बडबड रामचंद्रांच्या कानी पडली, त्यांचे गोमंतकीय साहाय्यक जॉन गोम्स यांनी कोकणीतील नकाराचे दोन शब्द त्यात टाकले आणि 'ईना मीना डीका' तयार झाले, असे सांगितले जाते. किशोरकुमार आणि आशा भोसले यांनी ते वेगवेगळे गायिले. म्हणजे हे गाणे मुळात मुलांकडूनच आले होते. वडीलधाऱ्यांनी ते सजवून परत केले, एवढेच.

याच काळात सरकारी नभोवाणीचे चित्रगीतांशी वाकडे होते. १९५२ पासून माहिती व नभोवाणी खाते सांभाळणारे बा. वि. केसकर यांना अभिजात संगीताची रुची लोकांत रुजवावयाची होती. हेतू चांगला होता. पण चित्रगीतांना आकाशवाणीवर जागा उरली नाही. श्रोत्यांनी अभिजात संगीत ऐकले नाही. त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. 'आशा' आणि विविध भारती यांचे वर्ष एकच, हा योगायोग बोलका आहे. रुची हुकमाने वरून लादता येत नाही, हा धडा घरातही लागू पडतो.

रामचंद्रांचे मोठेपण सांगताना आपण नेहमी त्यांच्या गंभीर कृतींकडे वळतो. १९५३ च्या 'अनारकली'तील आर्त रचना, १९५९ च्या 'नवरंग'मधील गाणी आणि चीनच्या युद्धानंतर कवी प्रदीप यांच्या शब्दांना त्यांनी दिलेली ती चाल, जी जानेवारी १९६३ मध्ये दिल्लीत लता मंगेशकरांनी पंडित नेहरूंसमोर गायिली. ही सारी निर्विवाद थोर आहेत. पण रडविणारा हात आणि हसविणारा हात निराळे नव्हते. सप्रे गुरुजी आणि विनायकबुवा यांच्याकडे घोटलेले सूर दोन्हींकडे तेच होते. मराठीतही 'घरकुल' या स्वतः काढलेल्या चित्रपटात त्यांनी एकीकडे अमरावतीच्या सुरेश भटांच्या शब्दांना नाजूक चाल दिली आणि दुसरीकडे मुलांच्या लाडक्या 'पप्पा सांगा कुणाचे'लाही. माडगूळकरांचे 'गीतगोपाल' त्यांनी रंगमंचावर गायिले. 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र १९७७ मध्ये लिहिले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे मित्र भगवानदादा, ज्यांच्या पावलांवर सारा महाराष्ट्र नाचला, ते उत्तरायुष्यात बंगला, मोटारी सारे गमावून दादरच्या चाळीत राहिले आणि २००२ मध्ये गेले. २०१६ मध्ये 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट त्यांच्यावर निघाला, तेव्हा अनेक तरुणांनी ते नाव प्रथमच ऐकले.

जमीन वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला तुकडा येतो; गाणे वाटले तर देणाऱ्याजवळ ते पूर्ण राहते आणि घेणाऱ्यालाही पूर्ण मिळते. अशी संपत्ती हातची राखून ठेवण्यात शहाणपण नाही. मात्र ती देताना आमच्या काळी असे होते आणि तुमच्या काळी काय आहे, असा टोमणा तिला जोडू नये. गाणे हसण्यासाठी झाले आहे. त्याचे प्रवचन केले की मूल पळते. आधी एकदा मनमुराद ऐकू द्यावे, नाचू द्यावे आणि मग सहज सांगावे, हे नागपुरात शिकलेल्या एका मराठी माणसाने केले, ट्रम्पेट गोव्याच्या वाझ यांचे, नाचणारा आपल्या अमरावतीचा.

शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत आणि गणेशमंडळांच्या कार्यक्रमांत जुनी गाणी दरवर्षी लागतात. ध्वनिक्षेपकावर देणगीदारांची नावे आणि रकमा आपण तपशिलाने वाचतो. पुढच्या वर्षी गाणे लावण्यापूर्वी संगीतकाराचे, कवीचे आणि गायकाचे नावही तितक्याच मोठ्या आवाजात वाचावे. त्याला अर्धा मिनिट लागतो आणि वर्गणीही लागत नाही.