रेव्हरंड ना. वा. टिळक आणि ‘देवाचा दरबार’

नारायण वामन टिळक हे नाव आपणांस ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून परिचित असेल. ही ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे. त्यांच्या भक्तिकवितेमागील तळमळ समजून घ्यावयाची तर त्यांच्या आयुष्यातील अखेरच्या दोन वर्षांकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चित्पावन घराण्यातील या विद्वानाच्या धर्मांतराने घर दुभंगले; पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन माहेरच्या आश्रयाने राहिल्या. कालांतराने त्या पतीकडे परतल्या, पण स्वयंपाक आणि पाणी यांचे सोवळे वेगळे ठेवूनच. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. मनुष्याचे मन देवच पालटतो, या विश्वासाने ते थांबले. 1900 मध्ये राहुरी येथे लक्ष्मीबाईंनी स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला.

जे घरात, तेच समाजात. नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग समाजांतून आलेले होते. बाप्तिस्म्यानंतरही जातीची जाणीव पुरती ओसरली नव्हती. त्यात निरनिराळ्या मिशनांच्या पंथभेदांची भर पडली. शिवाय परदेशी चालीरीतींमुळे ख्रिस्ती माणूस आपल्याच गावात परका ठरू लागला होता. ही दुखणी केवळ ठरावांनी बरी होणार नाहीत, असे टिळकांना वाटे. येथे आपण परभणी जिल्ह्याच्या विद्यार्थ्यांनी गंगाखेडच्या जनाबाईंचे स्मरण करावे. विठ्ठलाला दळण-कांडणात सोबती मानणाऱ्या त्या अभंगपरंपरेतच टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हणून आळविले. त्यांची शंभराहून अधिक गीते उपासनेत रूढ झाली. ब्राह्मण घरातून आलेला कवी आणि गावकुसाबाहेरचा शेतमजूर एकाच भजनात बसू लागले, ही माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी कमाई.

1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. निश्चित वेतन गेले; योगक्षेम ईश्वरावर सोपविला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या बंधुवर्गात यावेत, ही त्यांची कल्पना. चर्चमधील अनेकांना ती धाडसाची वाटली, आणि तसे वाटणे अस्वाभाविक नव्हते. बाप्तिस्मा हीच तर मंडळीची सीमारेषा.

9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. संस्थापकामागे दरबार फार काळ टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही अपुरे राहिले होते. त्याचा बहुतांश भाग पुढे लिहिला तो लक्ष्मीबाईंनी, एकेकाळी पतीच्या घरात वेगळे सोवळे सांभाळणाऱ्या.