मातीचा कप आणि कर्णधारपद : पळवणकर बाळू यांची कहाणी

महादेवपुरा (बेंगळुरू) : पूर्व बेंगळुरूतील महादेवपुरा परिसरात माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या निमित्ताने स्थायिक झालेल्या मराठी तरुणांची संख्या लक्षणीय आहे. शनिवार-रविवारी क्रिकेट खेळणाऱ्या या मंडळींना भारताच्या पहिल्या मोठ्या फिरकी गोलंदाजाचे नाव विचारले, तर उत्तरे बहुधा स्वातंत्र्योत्तर काळापासून सुरू होतात. पळवणकर बाळू हे नाव क्वचितच कोणाच्या ओठी येते. त्यांचा जन्म याच कर्नाटकातील धारवाडचा आणि त्यांची विस्मृतीत गेलेली कहाणी 2002 मध्ये ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ या ग्रंथातून देशभरातील वाचकांसमोर मांडणारे इतिहासकार रामचंद्र गुहा हेही बेंगळुरूचेच रहिवासी. महाविद्यालयीन खेळांत वंश किंवा जात यांवरून होणारी शिवीगाळ आणि तिचे परिणाम यांची चर्चा आज देशोदेशी होत असताना, शिवी न देताही माणसाला त्याची पायरी दाखवून देता येते याचे उदाहरण म्हणून बाळू यांचे आयुष्य पुन्हा वाचण्याजोगे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात धारवाड येथे चर्मकार कुटुंबात बाळू यांचा जन्म झाला. कुटुंब मूळचे कोकणातले आणि पळवणकर हे आडनाव तिकडच्या गावावरून आलेले. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने पुढे बिऱ्हाड पुण्याला आले. लष्करी छावणीतील अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि धाकटे बंधू शिवराम खेळ शिकले. शाळा लवकरच सुटली. पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवणे हे बाळू यांचे पहिले काम होते व त्यासाठी महिना तीन रुपये पगार मिळत असे. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले. तेथे पगार चार रुपये झाला आणि कामात नेट बांधण्याची व टेनिसच्या मैदानावर रेषा आखण्याची भर पडली.

क्लबातील एका इंग्रज सदस्याने त्यांना सरावात चेंडू टाकायला सांगितले आणि डाव्या हाताची संथ फिरकी प्रथमच जाणकारांच्या नजरेत भरली. क्लबाचे प्रमुख फलंदाज जॉन ग्लेनी ग्रेग हे पुढे इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्याकडून खेळले आणि उतारवयात धर्मगुरू झाले. हे ग्रेग इतर सदस्यांच्या तासभर आधी मैदानावर येत आणि बाळू यांच्याकडून गोलंदाजी करवून घेत. आपल्याला बाद केल्यास ते प्रत्येक वेळी आठ आणे बक्षीस देत, असे सांगितले जाते. ‘लगान’ चित्रपटातील कचरा या पात्राची अनेकांना येथे आठवण होईल. मात्र त्या पात्राची फिरकी ही पटकथेने त्याच्या अधू हाताला दिलेली देणगी होती. बाळू यांची फिरकी वर्षानुवर्षे नेटमध्ये टाकलेल्या हजारो चेंडूंतून घडली. या साऱ्या काळात क्लबाने त्यांच्या हाती फलंदाजीसाठी बॅट मात्र कधी दिली नाही. बॅट साहेबाची आणि घाम नोकराचा, अशी ती विभागणी होती.

शहरातील हिंदूंच्या क्लबाला युरोपियनांवर मात करायची होती आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज युरोपियनांच्याच मैदानावर चार रुपयांवर राबत होता. त्याला संघात घ्यावे की नाही, यावर क्लबात मतभेद झाले. काही तेलुगू सदस्य अनुकूल होते, तर पुणेकर ब्राह्मण सदस्यांचा मोठा गट नाखूश होता. अखेर जिंकण्याची इच्छा वरचढ ठरली आणि बाळू संघात आले. मैदानावर तोच चेंडू सगळ्यांच्या हातून फिरू लागला. चहाच्या वेळी मात्र इतर खेळाडू तंबूत बसत आणि बाळू यांना बाहेर, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या कपात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे असे. तोंड धुवायचे झाल्यास क्लबातील अस्पृश्य नोकर एका कोपऱ्यात पाणी आणून देई.

या व्यवस्थेत कोणी आवाज चढवण्याची गरज नव्हती. शिवीला निदान उलट उत्तर देता येते. मातीच्या कपाला काय उत्तर देणार? तो रीतीचा भाग होता आणि देणाऱ्यांपैकी अनेकांना त्यात काही गैर आहे असेही वाटत नसावे.

साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्धच्या सामन्यात यजमानांनी बाळू यांची फिरकी बोथट करण्यासाठी खेळपट्टी दिवसेंदिवस रोलर फिरवून टणक केली होती. तरीही त्यांनी सामना हिंदूंना जिंकून दिला. पुण्यात परतल्यावर झालेल्या समारंभात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा गौरव केला. ज्याच्यासोबत खेळता येते त्याच्यासोबत चहा-फराळही करता आला पाहिजे, ही साधी गोष्ट त्यांनी क्लबाच्या सदस्यांच्या लक्षात आणून दिली. रानड्यांनी सांगितले म्हणून पुण्याची रीत लगेच बदलली, असे मात्र झाले नाही.

प्लेगच्या काळात पळवणकर कुटुंब मुंबईला आले. बाळू यांना रेल्वेत नोकरी मिळाली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. तेथेही काही सदस्यांचा विरोध होता. तथापि मुंबईची हवा पुण्याहून काहीशी मोकळी होती. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदू आणि युरोपियन यांच्यात झालेल्या गाजलेल्या सामन्यात हिंदूंनी 242 व 160 धावा केल्या. युरोपियनांचे डाव 191 व 102 धावांत आटोपले आणि हिंदू 109 धावांनी विजयी झाले. संघात बाळू यांच्यासोबत शिवरामही होते. या विजयानंतर सुधारकी वृत्तपत्रांनी विशेष दखल घेतली ती धावांची नव्हे, तर पंगतीची. पुण्याच्या हिंदूंनी बाळू यांना मैदानापुरते जवळ केले होते. मुंबईच्या जिमखान्याने या भावांना आपल्याबरोबर जेवायला बसवले होते.

1911 मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी एकूण निराशाजनक होती. प्रथम श्रेणीच्या 14 सामन्यांपैकी केवळ दोन जिंकता आले. बाळू यांनी मात्र दुखऱ्या खांद्यानिशी दौऱ्यात 114 गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध 103 धावांत आठ बळी ही त्यांच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीतील सर्वोत्तम कामगिरी ठरली. लीस्टरशायरवरील विजयात त्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. सॉमरसेटविरुद्ध एका गड्याने मिळालेल्या विजयात शिवराम यांनी नाबाद शतक झळकावले. शाळा अर्धवट सुटलेला गोलंदाज साम्राज्यातील एका अत्यंत प्रतिष्ठित विद्यापीठाच्या फलंदाजांना माघारी धाडत होता. मायदेशी तो अस्पृश्यच होता.

विद्यापीठांच्या मैदानांवर तरी त्या काळी जगात सर्वत्र समता होती, असे नाही. अमेरिकेच्या रटगर्स महाविद्यालयाच्या फुटबॉल संघातील कृष्णवर्णीय खेळाडू पॉल रोबसन हे पुढे जगप्रसिद्ध गायक व अभिनेते झाले. 1916 मध्ये वॉशिंग्टन अँड ली या विद्यापीठाच्या संघाने कृष्णवर्णीयाविरुद्ध खेळण्यास नकार दिला, तेव्हा रटगर्सने रोबसन यांनाच त्या सामन्यातून वगळले. त्याच रटगर्सच्या महिला बास्केटबॉल संघाविषयी एप्रिल 2007 मध्ये एका नामांकित रेडिओ निवेदकाने वंशवाचक अपशब्द वापरले, तेव्हा काही दिवसांतच त्याचा कार्यक्रम बंद झाला. या दोन प्रसंगांमध्ये नव्वदहून अधिक वर्षांचे अंतर आहे. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने 2012 मध्ये उच्च शिक्षणसंस्थांतील समतेसाठी नियम केले आणि जातीवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध तक्रारीची सोय संस्थांवर बंधनकारक केली. बाळू यांच्या काळी तक्रार करायची झाली, तर ती ज्यांनी कप दिला त्यांच्याकडेच करावी लागली असती.

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईत दलित समाजाने बाळू यांचा जाहीर सत्कार केला. त्या वेळच्या मानपत्रामागे एल्फिन्स्टन महाविद्यालयातील एका विशीतल्या विद्यार्थ्याचा हात होता. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. समाजातील तरुणांना अभिमानाने बोट दाखवावे असे बाळू हे त्या काळचे एक ठळक नाव होते आणि आंबेडकरांनाही त्यांच्याविषयी आदर होता.

मानपत्रे मिळाली, पण कर्णधारपद मिळाले नाही. हिंदू, पारशी, मुस्लिम व युरोपियन यांच्या चौरंगी स्पर्धेत बाळू हे हिंदूंचे सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी गोलंदाज होते. तरीही दरवर्षी धुरा उच्चवर्णीय खेळाडूकडे जाई. कर्णधार म्हणून निवडले गेलेले एम. डी. पै यांनी स्वतःच्या सत्कारात हा मान खरे तर बाळू यांचा होता, हे मोकळेपणाने मान्य केले. हा मोठेपणा पै यांचा होता. निवड समितीने त्यातून काही बोध घेतल्याचे दिसत नाही.

1920 साली हा प्रश्न चिघळला. त्या वर्षाच्या जानेवारीत आंबेडकरांचे ‘मूकनायक’ सुरू झाले होते. स्वतः आंबेडकर सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असतानाही सहकारी प्राध्यापकांपैकी काहींनी त्यांनी सामायिक भांड्यातील पाणी पिण्यास हरकत घेतली होती. म्हणजे पुण्याच्या तंबूबाहेरचा कप मुंबईच्या महाविद्यालयातही पोहोचला होता. त्याच वर्षअखेरच्या चौरंगी स्पर्धेत पै आजारी असल्याने मुस्लिम संघाविरुद्धच्या सामन्यासाठी दुसरा कर्णधार निवडायचा होता. बाळू यांना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हे हिंदूंचे आघाडीचे फलंदाज होते. त्यांचाही विचार झाला नाही.

विठ्ठल आणि शिवराम यांनी सामन्यातून माघार घेतली आणि जाहीर निवेदन देऊन कारणही सांगितले. तथाकथित अस्पृश्य जातीत जन्मल्यामुळे आपल्या कुटुंबाला डावलले जात असल्याचा स्पष्ट आरोप त्यांनी केला. भारतीय क्रीडाक्षेत्रात जातिभेदाविरुद्ध खेळाडूंनी केलेला हा बहुधा पहिला जाहीर बहिष्कार असावा. बाळू यांनी सुमारे पंचवीस वर्षे बळी घेऊन जे साधले नव्हते, ते या न खेळलेल्या सामन्याने साधायला सुरुवात झाली. हिंदू समाजातूनच दोघांना मोठा पाठिंबा मिळाला आणि जिमखान्याला तडजोड करावी लागली. पारशांविरुद्धच्या पुढील सामन्यात पै परतले, भाऊही परतले आणि बाळू उपकर्णधार झाले. सामना चालू असताना पै मैदानाबाहेर गेले आणि संघाची सूत्रे बाळू यांच्या हाती आली. पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर, काही काळापुरते, ते हिंदू संघाचे कर्णधार होते.

पूर्ण कर्णधारपद कुटुंबात आले ते 1923 मध्ये, विठ्ठल यांच्या रूपाने. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी ती स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी 1948 मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध केले. या घराण्याविषयी आज जे सविस्तर ठाऊक आहे, त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात उतरले आणि तेथे त्यांची वाट आंबेडकरांपासून वेगळी झाली. स्वतंत्र मतदारसंघांची मागणी त्यांना पटली नाही. 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत ते होते. 1937 च्या मुंबई प्रांतिक विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना 13,245 आणि बाळू यांना 11,225 मते मिळाली. ज्याने कौतुकाचे मानपत्र लिहिले आणि ज्याने ते स्वीकारले, ते दोघे सव्वीस वर्षांनी असे समोरासमोर आले. बाळू यांना हिंदू समाजातूनच सुधारणा होईल असा विश्वास वाटत होता. पंगतीपासून उपकर्णधारपदापर्यंतच्या स्वतःच्या अनुभवातून तो आला असावा. पण त्याच अनुभवातून उलट निष्कर्षही काढता येत होता, आणि आंबेडकरांनी तो काढला.

33 प्रथम श्रेणी सामने, 179 बळी आणि प्रतिबळी 15.21 धावांची सरासरी, अशी बाळू यांची नोंद आहे. भारताने पहिली कसोटी 1932 मध्ये लॉर्ड्सवर खेळली, तेव्हा त्यांची पन्नाशी मागे पडली होती. 4 जुलै 1955 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. सांताक्रूझ येथील अंत्यसंस्काराला क्रिकेटपटूंबरोबर संसद सदस्यही उपस्थित होते.